पदावर नव्याने आलेल्या स्त्रीने कामाच्या मर्यादा कशा आखाव्यात: खान्देशातील कार्यालयांसाठी मार्गदर्शन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पतसंस्थेच्या शाखेत, माध्यमिक शाळेत, दालमिलच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या एखाद्या सरकारी कचेरीत प्रमुखाच्या खुर्चीवर स्त्री असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सार्वजनिक जीवनात तर हा प्रदेश बराच आधी पुढे गेला होता: प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा त्या अवघ्या २७ वर्षांच्या होत्या, आणि २००७ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. मात्र विधानसभेत बसलेल्या स्त्रीचा अभिमान बाळगणे आणि रोज आपल्या रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या स्त्रीला प्रमुख म्हणून स्वीकारणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर ज्यांना पहिल्याच महिन्यात जाणवू लागते, त्या नव्याने पदावर आलेल्या भगिनींसाठी हा लेख आहे.

यातील सर्व सूचनांमागे एकच धारणा आहे. मर्यादा स्वतःच्या स्वभावावर किंवा त्या दिवसाच्या मनःस्थितीवर सोपवू नये. ती कार्यालयाच्या लेखी व्यवस्थेत बसवावी आणि सर्वांना सारखी लागू करावी. मोठ्या शहरात एखाद्याला नकार दिला तर तो माणूस पुन्हा भेटेलच असे नाही. आपल्याकडे तसे नसते. सकाळी शाखेत ज्याचे काम नाकारले, तो संध्याकाळी भाजीबाजारात भेटतो, पुढच्या आठवड्यात एखाद्या हळदीला पंगतीत समोर बसतो आणि बहुधा सासरच्या किंवा माहेरच्या कुणाचा तरी नातलग निघतो. अशा ठिकाणी ‘मला हे चालणार नाही’ असे म्हटले की त्याचा अर्थ ‘बाईला पदाचा गर्व झाला’ असा लावला जातो. ‘आपल्या शाखेत ही कामे या वेळेत, या पद्धतीने होतात’ असे म्हटले आणि ते खरोखरच सर्वांच्या बाबतीत पाळले, तर बोलणाऱ्यांना बोलायला जागा कमी उरते.

पहिली पायरी: आधी पंधरवडाभर नोंद करा

रुजू झाल्याबरोबर नियम जाहीर करण्याची घाई करू नये. सुरुवातीचा पंधरवडा एक साधी वही जवळ ठेवावी आणि दिवसभरात आपल्याकडे आलेले प्रत्येक काम तिच्यात लिहावे: कोण आले, कशासाठी आले, किती वाजता आले, टेबलासमोर आले की फोनवर की घरी, आणि मुळात ते काम कोणाचे होते. पंधरा दिवसांनी ही वही वाचली की कामांचे तीन गट आपोआप वेगळे पडतात. पहिला गट खरोखर आपल्या पदाच्या कामांचा असतो. दुसरा गट लिपिकाच्या, लेखापालाच्या किंवा पर्यवेक्षकाच्या कामांचा असतो, पण ‘मॅडम नव्या आहेत, नाही म्हणणार नाहीत’ म्हणून तो आपल्याकडे आलेला असतो.

तिसरा गट सर्वांत महत्त्वाचा, कारण पुरुष प्रमुखाच्या वहीत तो सहसा सापडत नाही. बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, पाहुण्यांच्या चहापाण्याकडे लक्ष देणे, सेवानिवृत्त होणाऱ्यांसाठी साडी किंवा शाल निवडून आणणे, कार्यक्रमात औक्षणाचे ताट सांभाळणे, रुसलेल्या दोन कर्मचाऱ्यांची समजूत काढणे, अशी ही कामे असतात. यांपैकी एकही काम हलके नाही, आणि एखादे आवडीने करायलाही हरकत नाही. परंतु ही सारी कामे गृहीत धरून स्त्रीकडेच येत असतील, तर तिचा हिशेब तपासण्याचा, पाहणीचा आणि निर्णयाचा वेळ त्यांत जातो, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात या कामांसाठी एकही रकाना नसतो.

दुसरी पायरी: कामवाटपाचा आदेश काढा

वहीतील निरीक्षणांवरून कामवाटपाचा लेखी आदेश तयार करावा. सरकारी कार्यालयांत आणि शाळांत हा प्रकार परिचित आहे. खासगी आस्थापनांत, विशेषतः घरच्या धंद्यातून वाढलेल्या दालमिल, जिनिंग किंवा चटई कारखान्यांत, तो बहुधा नसतो आणि सर्व कामे मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या तोंडी सांगण्यावर चालतात. तेथे पर्यवेक्षक किंवा व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या स्त्रीने आधी मालकांशी बोलून, त्यांच्या सहीने, निदान एका पानाचे वाटप करून घ्यावे. मुकादमाला मजुरांविषयी आदेश कोण देणार, मालाची आवक कोण नोंदवणार, सुट्टी कोण मंजूर करणार, एवढे तीन प्रश्न त्या पानावर सुटले तरी निम्मे वाद मिटतात. मालकांच्या घरची मंडळी परस्पर मुकादमाला वेगळे आदेश देत असतील, तर आपल्या सूचनांना किंमत राहत नाही; म्हणून हा मुद्दा नेमणुकीच्या बोलणीतच काढावा. नंतर तो काढणे अवघड जाते.

तिसऱ्या गटातील कामेही या आदेशात घ्यावीत. इतिवृत्त लेखनाची पाळी आडनावाच्या क्रमाने लावावी, कार्यक्रमांसाठी दोन पुरुष आणि दोन स्त्री कर्मचाऱ्यांची समिती दर सहा महिन्यांनी बदलती ठेवावी, आणि चहापाण्याची व्यवस्था ज्याच्या कामाचा तो भाग आहे त्याच्याकडेच ठेवावी. यावर कुणी हसेल, कुणी कुजबुजेल. त्याकडे लक्ष न देता पहिल्या दोन बैठकांत क्रम पाळला गेला की तिसऱ्या बैठकीत कुणी विचारतसुद्धा नाही.

तिसरी पायरी: वेळ आणि फोन

अभ्यागतांच्या भेटीची वेळ ठरवून दारावर फलक लावावा. वेळ ठरवताना गावचा व्यवहार पाहावा: आठवडे बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माणसे येतात, त्या दिवशी भेटीची वेळ वाढवावी आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी ती कमी करावी. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी एकला कुणाला खेटा घालायला लावणे हा अन्याय आहे. उन्हाळ्यापुरती भेटीची वेळ सकाळी आणावी आणि तसा फलक बदलावा. लोकांच्या सोयीचा विचार करून आखलेली वेळ लोक पाळतात, असा माझा अनुभव आहे.

खान्देशात अप-डाऊन करणाऱ्या नोकरदारांची संख्या मोठी आहे. भुसावळहून जळगाव, जळगावहून चाळीसगाव, अमळनेरहून नंदुरबार अशा रेल्वेमार्गांवर अनेकींचे पूर्ण नोकरीजीवन गेले आहे. अशा वेळी संध्याकाळी साडेपाचला बोलावलेली ‘छोटीशी’ बैठक म्हणजे गाडी चुकणे आणि घरी पोहोचायला रात्र होणे. आपण प्रमुख असाल, तर दुपारी चारनंतर नवी बैठक सुरू होणार नाही असा नियम करावा आणि तो स्वतःच्या गाडीच्या वेळेचे कारण न देता करावा, कारण अप-डाऊन करणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांनाही त्याचा तितकाच उपयोग असतो. बैठक वरिष्ठांनी बोलावलेली असेल, तर आदल्या दिवशीच लेखी कळवावे: ‘बैठकीस उपस्थित राहीन, साडेपाचनंतर माझ्या विभागाचे मुद्दे शिल्लक राहिल्यास ते लेखी सादर करीन.’ हे वाक्य नम्र आहे, आणि त्याची नोंद राहते.

फोनच्या बाबतीत तातडीची व्याख्या आधीच करून ठेवावी. आग, अपघात, चोरी, विद्यार्थ्याचे किंवा कर्मचाऱ्याचे आजारपण, न्यायालयाचे वा वरिष्ठांचे त्याच दिवशी उत्तर मागणारे पत्र, एवढ्यासाठी रात्री फोन करावा. बाकी सर्व दुसऱ्या दिवशी. व्हॉट्सअॅप गटासाठीही हेच. गटावर रात्री अकराला टाकलेला आदेश हा आदेश मानला जाणार नाही, हे सांगताना तो नियम स्वतःवर आधी लागू करावा, कारण रात्री अकराला स्वतः सूचना टाकणाऱ्या प्रमुखाला इतरांकडून शांततेची अपेक्षा करता येत नाही. कार्यालयाचा वेगळा क्रमांक घेणे शक्य असेल तर जरूर घ्यावा. घरचा क्रमांक एकदा बाहेर गेला की परत येत नाही.

चौथी पायरी: नात्यागोत्याचा मान आणि कामाचा निर्णय

या पायरीवर सर्वांत अधिक दमछाक होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपल्याकडे बाहेरचे कुणी नसतेच. कार्यालयात वयाने मोठे सहकारी ‘आबा’, ‘नाना’, ‘बापू’ असतात, येणाऱ्या ग्राहकाला आपण ‘दादा’ म्हणतो, आणि ते आपल्याला ‘ताई’, कधी ‘वहिनी’ म्हणतात. या आपुलकीने कामे सोपी होतात, आणि ती तोडून टाकावी असे मी कधीही सुचवणार नाही. अडचण येते ती त्या आपुलकीच्या बळावर नियमात सूट मागितली जाते तेव्हा. कर्जाचा हप्ता थकलेले एखादे ज्येष्ठ गृहस्थ समोर बसतात, आपल्या वडिलांची ओळख सांगतात आणि म्हणतात, ‘तू ते आमनी पोर शे.’ त्या वाक्याने मन विरघळते. नियमानुसार नोटीस काढायची असते आणि पोरीच्या नात्याने ती काढवत नाही.

अशा वेळी मान आणि निर्णय वेगळे करावेत. मान पूर्ण द्यावा: उठून बसायला सांगावे, पाणी विचारावे, घरच्यांची चौकशी करावी, त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. त्यानंतर निर्णय कागदाकडे न्यावा. ‘आबा, तुमच्यासमोर मी लहानच आहे. पण हप्त्याचा निर्णय माझ्या एकटीच्या हातात नाही. तुम्ही मुदतवाढीचा अर्ज द्या, मी तो आजच कर्ज समितीपुढे पाठवते, आणि काय ठरले ते सोमवारी तुम्हाला स्वतः कळवते.’ या बोलण्यात तीन गोष्टी साधतात. नाते नाकारले जात नाही, निर्णय एका व्यक्तीकडून समितीकडे जातो, आणि उत्तर कधी मिळेल ते ठरते. तिसरी गोष्ट विसरू नये. सोमवारी खरोखर फोन करावा. नकाराचा राग माणूस काही काळाने विसरतो, पण दिलेला शब्द न पाळल्याचा राग वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो, आणि तो योग्यच आहे.

निर्णय खरोखर आपल्या एकटीच्या हातात असेल, तर मात्र समितीच्या आड लपू नये. तेथे स्पष्ट सांगावे: ‘नाना, हे मला करता येणार नाही, तुमच्यासाठी केले तर उद्या इतरांना मी काय सांगू?’ कारण एकच द्यावे. तीन कारणे दिली की समोरचा माणूस तिन्हींची उत्तरे घेऊन परत येतो.

वयाने मोठ्या पुरुष सहकाऱ्याच्या चुकीबद्दल बोलण्याची वेळ आली, तर ते चारचौघांत बोलू नये. दार उघडे ठेवून, आपल्या टेबलापाशी, थोडक्यात बोलावे. एकाच वेळी अदब आणि अधिकार दोन्ही सांभाळायचे असल्याने ‘तुम्ही’ सोडू नये, पण ‘प्लीज, तेवढे बघा ना’ असा विनवणीचा सूरही धरू नये. ‘नाना, मार्चचा ताळेबंद दहा तारखेला हवा होता, तो शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माझ्याकडे द्या’ एवढे पुरेसे असते.

पाचवी पायरी: घरच्यांना खुर्चीपासून दूर ठेवा

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यातून पुष्कळ कर्तबगार सरपंच घडल्या, आणि त्याच बरोबर सही पत्नीची आणि कारभार पतीचा हा प्रकारही गावोगाव रुजला. तो केवळ ग्रामपंचायतीपुरता नाही. शाखाधिकारी झालेल्या सुनेचे सासरे शाखेत येऊन कर्जाची शिफारस करतात, मुख्याध्यापिकेचे बंधू प्रवेशासाठी शब्द टाकतात.

याविषयी घरात एकदा, शांतपणे आणि पद स्वीकारतानाच बोलावे. पतीचा पाठिंबा असेल तर त्यांनाच सांगावे की कुणी त्यांच्यामार्फत काम सांगू लागले तर ‘तिच्या कार्यालयात जाऊन अर्ज द्या’ एवढेच उत्तर द्यावे. कार्यालयात घरचे कुणी आले तर त्यांनी अभ्यागतांच्या खुर्चीवर बसावे; सभा चालू असेल तर बाहेर थांबावे. सरपंच असाल, तर मासिक सभेचे अध्यक्षस्थान आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी (पूर्वीच्या ग्रामसेवकाशी) होणारे बोलणे या दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्याकडे देऊ नयेत. वाचल्याशिवाय सही करू नये. कागद समजला नाही तर ‘उद्या सही करते’ म्हणावे आणि तो समजून घ्यावा. सही करणाऱ्यावरच जबाबदारी येते, आणि चौकशी लागते तेव्हा कारभार करणारे पतिराज कागदावर कोठेही नसतात.

सहावी पायरी: भरीत पार्टी, लग्नसराई आणि सणांच्या रजा

थंडी पडली की कार्यालयाकार्यालयांत शेतावरच्या भरीत पार्टीचे बेत होतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी आणि मोकळे बोलणे यांतून सहकाऱ्यांचे जे जुळते ते बैठकांतून जुळत नाही, म्हणून प्रमुख स्त्रीने सरसकट न जाण्याचे धोरण ठेवू नये. दुपारची वेळ ठेवायला सांगावी, इतर महिला कर्मचाऱ्यांसह जावे, आणि भाकऱ्या करण्याचे काम आपसूक महिला कर्मचाऱ्यांकडे येत असेल तर ते आधीच वाटून द्यावे किंवा पैसे काढून गावातल्या मावशींना सांगावे. अंधार पडण्यापूर्वी निघावे. निघण्याची वेळ जातानाच सांगितली की आग्रह होत नाही. लग्नांच्या बाबतीत एकाकडे गेलो तर सर्वांकडे जावे लागते, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या मुलांच्या लग्नाला जायचे, इतर आमंत्रणांना शुभेच्छा कळवायच्या, असा दंडक पुरतो.

रजांचे नियोजन सणांआधी करावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी जातात, श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला सारी भाऊबंदकी एकत्र येते. या काळात रजेचे अर्ज एकदम येणार हे ठाऊक असते. महिनाभर आधी अर्ज मागवून पाळ्या लावाव्यात, मागील वर्षी ज्यांना रजा मिळाली नाही त्यांना आधी द्यावी. प्रमुखानेही स्वतःची रजा घ्यावी, लेखी प्रभार देऊन घ्यावी, आणि रजेत ज्याच्याकडे प्रभार आहे त्याचे निर्णय फोनवरून फिरवू नयेत.

सातवी पायरी: जेथे मर्यादा नव्हे, कायदा लागतो

वरील सर्व गोष्टी सामंजस्याच्या आहेत. अश्लील बोलणे, नको असलेला स्पर्श, फोनवर पाठवलेली घाणेरडी चित्रे, लैंगिक स्वरूपाची मागणी या गोष्टी सामंजस्याच्या नाहीत, आणि त्या समजुतीने मिटवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. १९९७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष त्या ठिकाणची वरिष्ठ स्त्री असावी लागते, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. दहांपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणांसाठी, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

प्रमुख म्हणून आपल्यावर येथे दुहेरी जबाबदारी असते. समिती स्थापन झाली आहे का, सदस्यांची नावे फलकावर आहेत का, हे रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात पाहावे. समिती न नेमणाऱ्या आस्थापनेला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाहेरचा सदस्य निवडताना तो त्याच गावचा आणि मालकांच्या बैठकीतला नसावा, याकडे लक्ष द्यावे, कारण तालुक्याच्या गावात गोष्ट फुटायला एक दिवस पुरतो आणि कायद्याने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. तक्रार आपल्याच बाबतीतली असेल, तर ‘मी प्रमुख, मी तक्रार कशी करू’ असा संकोच धरू नये. हा कायदा पदाने मोठ्या स्त्रीलाही तेवढाच लागू आहे, आणि छळ करणारा हाताखालचा असला तरी तो छळच असतो.

आठवी पायरी: मर्यादा मोडली गेली तर

ती मोडली जाणारच, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, कारण लोक ती खरी आहे की तोंडदेखली आहे हे पाहत असतात. पहिल्या वेळी एकांतात तोंडी सांगावे आणि आपल्या वहीत तारीख लिहून ठेवावी. दुसऱ्या वेळी लेखी आठवण द्यावी. तिसऱ्या वेळी ज्ञापन किंवा कारणे दाखवा नोटीस, आपल्या आस्थापनेत जे लागू असेल ते, द्यावे. हा क्रम आवडत्या कर्मचाऱ्यासाठी लांबवू नये आणि नावडत्यासाठी आखडू नये. एकदा जरी तसे झाले तरी सर्व नियम ‘बाईंच्या मर्जीचे’ ठरतात आणि मग केलेली सारी मांडणी वाया जाते.

दर सहा महिन्यांनी पहिल्या पंधरवड्याची वही पुन्हा काढावी आणि एक आठवडा तशीच नोंद करावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील कामे कमी झाली असतील तर व्यवस्था बसली आहे असे समजावे. ती महिला लिपिकाकडे किंवा नव्याने लागलेल्या शिक्षिकेकडे सरकलेली दिसली, तर कामवाटपाचा आदेश त्याच आठवड्यात दुरुस्त करून नव्याने काढावा. आणि हाताखालची एखादी मुलगी ‘मॅडम, सहाची गाडी आहे, हे उद्या सकाळी केले तर चालेल का?’ असे विचारू लागली, तर काम खरोखर तातडीचे नसेल तेव्हा तिला होकार द्यावा, आणि तिने ते दुसऱ्या दिवशी वेळेत केले की तिच्या मूल्यमापनात त्याची नोंद करावी.